इंजेक्शन बंद करून चान्स घेताना: ओव्ह्युलेशन किट, थर्मामीटर आणि ॲप कितपत कामाचे?

गर्भनिरोधक इंजेक्शन बंद करायचं ठरलं की अनेकींची पहिली खरेदी असते ती ओव्ह्युलेशन, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडणं, ओळखणाऱ्या किटची. मग रोज सकाळी एक पट्टी, रोज एकच गडद रेघ, आणि दोन महिन्यांत मन पार खचतं. किटमध्ये खोट नसते. ते चुकीच्या वेळी हातात आलेलं असतं, एवढंच. बाजारातली ही बहुतेक साधनं पाळी महिन्याच्या महिन्याला येते असं धरून बनवलेली आहेत, आणि इंजेक्शननंतर कित्येक महिने नेमकं तेच होत नाही. म्हणून इथे प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारला आहे: पाळीचा पत्ता नसताना हे काय सांगू शकतं? चकचकीत डबा, ॲपशी जोडणी, हसरा चेहरा दाखवणारा पडदा यांना इथे गुण नाहीत.

आधी इंजेक्शन कोणतं होतं ते बघा

हे माहीत नसेल तर पुढचे सगळे हिशेब चुकतात. सर्वांत जास्त वापरलं जातं ते डीएमपीए, म्हणजे डेपो मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. डेपो-प्रोव्हेरा हे त्याचंच एक नाव. स्नायूत द्यायचं असेल तर १५० मिलिग्रॅम, त्वचेखाली द्यायचं असेल तर १०४ मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. सायाना प्रेस हे त्वचेखालचं. दुसरं नेट-एन, २०० मिलिग्रॅम, दर दोन महिन्यांनी. तिसऱ्या प्रकारात इस्ट्रोजेन हे हार्मोनही असतं आणि ते दर महिन्याला घ्यावं लागतं. कार्डावर किंवा जुन्या चिठ्ठीवर नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सापडते. ती आधी शोधून ठेवा.

तिन्हींचं घड्याळ वेगळं चालतं. इतर साधनं सोडलेल्या बायकांच्या तुलनेत डीएमपीएनंतर दिवस राहायला सरासरी चार महिने जास्त लागतात. नेट-एन आणि महिन्याच्या इंजेक्शननंतर हा फरक साधारण एकाच महिन्याचा असतो. म्हणजे नेट-एनवाल्या मैत्रिणीला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिवस राहिले आणि डीएमपीएवालीला आठव्या महिन्यातही राहिले नाहीत, तर दोघींचं सगळं नीटच चाललेलं असू शकतं. इथून पुढे जे लिहिलं आहे ते मुख्यतः डीएमपीएबद्दल आहे, कारण खरी वाट तिथेच बघावी लागते.

उशीर का लागतो, हे नीट समजलं तर निम्मी खरेदी आपोआप टळते. डीएमपीए हे पाण्यात विरघळलेलं औषध नसतं. त्याचे बारीक स्फटिक द्रवात तरंगत असतात, म्हणून तर देण्याआधी बाटली जोरात हलवतात. स्नायूत त्याचा साठा होतो आणि तो हळूहळू झिरपत रक्तात उतरत राहतो. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण १२० ते २०० दिवसांनी ते रक्तात मोजता न येण्याइतकं कमी होतं. तोवर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच या हार्मोनची मोठी उसळी निघत नाही, आणि ती उसळी नाही तर स्त्रीबीज बाहेर पडत नाही. अंडाशयाला इजा झालेली नसते, बीजं संपलेली नसतात. वरून हुकूम येत नाही म्हणून काम थांबलेलं असतं.

आता तारखांचा हिशेब. डीएमपीए घेतलेल्या आणि पुढे गरोदर राहिलेल्या बायकांमध्ये शेवटच्या इंजेक्शनपासून मोजलं तर निम्म्या जणींना दहा महिन्यांच्या आत दिवस राहिले. बारा महिन्यांत ६८ टक्के, पंधरा महिन्यांत ८३ टक्के आणि अठरा महिन्यांत ९३ टक्के. सर्वांत लवकर चार महिन्यांनी, सर्वांत उशिरा ३१ महिन्यांनी. समजा शेवटचा डोस १ जानेवारीला घेतला. तेरा आठवडे भरतात २ एप्रिलला, आणि दहावा महिना पुरा होतो १ नोव्हेंबरला. मे महिन्यात पट्टी कोरी दिसली म्हणून रडण्यासारखं त्यात काहीच नाही. उलट ऑगस्टमध्ये दिवस राहिले तर ते लवकर झालं असंच म्हणायचं. आणखी एक गोष्ट वारंवार सांगावी लागते: इंजेक्शन दोन वर्षं घेतलं की सहा वर्षं, याने हा उशीर वाढत नाही. शेवटचा डोस कधीचा, तेवढंच मोजायचं.

फुकटचं साधन, आणि सुरुवातीला सर्वांत भरवशाचं

पहिल्या काही महिन्यांत पैसे न मोजता मिळणारी सर्वांत उपयोगी माहिती योनीतून येणाऱ्या स्रावाची असते. इंजेक्शनच्या असरात गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट द्रव घट्ट आणि कमी असतो. बहुतेक दिवस कोरडेच जातात. औषध उतरत गेलं की अंडाशय पुन्हा इस्ट्रोजेन बनवू लागतं आणि त्याची पहिली खूण तिथे दिसते. आधी ओलसरपणा, मग दुधाळ मलईसारखा स्राव, आणि शेवटी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा: पारदर्शक, बुळबुळीत, अंगठा आणि तर्जनीत धरून ताणला तर पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत न तुटता जाणारा. लघवीला जाण्याआधी कागदाने टिपून बघायचं, दिवसातून दोन-तीनदा, आणि रात्री एक शब्द लिहून ठेवायचा: कोरडं, ओलं, मलई, तार. संबंधानंतर लगेच बघू नका, वीर्य आणि उत्तेजनेचा ओलावा यांत फसगत होते. कॅन्डिडाच्या जंतुसंसर्गात दह्यासारखा, खाज आणणारा स्राव येतो. तो या हिशेबात धरायचा नाही, त्यावर उपचार घ्यायचा.

तार धरणारा स्राव दिसला म्हणजे बीज बाहेर पडलंच असं नाही. शरीर तयारीला लागलं, एवढाच त्याचा अर्थ. पण इतर कुठलंही साधन हे इतक्या लवकर सांगत नाही. पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला, कारण हे शिकायला एक-दोन महिने जातात.

एलएचच्या साध्या पट्ट्या

प्लास्टिकची दांडी नसलेल्या, कागदासारख्या पातळ, पाकिटात पंचवीस-पन्नासच्या गठ्ठ्याने मिळणाऱ्या पट्ट्या. इंजेक्शननंतरच्या काळासाठी विकत घ्यायच्या साधनांत आमची पहिली पसंती यांनाच. कारण साधं आहे: पाळीचं चक्र कधी ४० दिवसांचं, कधी ७० दिवसांचं होणार, तेव्हा सात किंवा दहा काड्यांचा महागडा डबा बीज सुटण्याच्या आधीच संपतो.

पट्टी कशी वाचायची यात सर्वाधिक चुका होतात, म्हणून जरा सविस्तर. स्वच्छ, कोरड्या कपात लघवी घ्या. फॉइल त्याच क्षणी फाडा, आधी नाही. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी खराब होते, म्हणून गठ्ठा न्हाणीघरात ठेवू नये आणि फ्रीजमध्येही नाही. बाण खाली करून पट्टी 'मॅक्स' रेघेपर्यंतच बुडवा. रेघ ओलांडली तर लघवी वरच्या भागात शिरते आणि निकाल वाया जातो. पाकिटावर दिलेले सेकंद मोजा, बाहेर काढा, सपाट जागी आडवी ठेवा. गुलाबी रंग खालून वर सरकत जाताना दिसतो. आधी सगळी खिडकी गुलाबीसर होते, मग पार्श्वभूमी निवळते आणि रेघा उरतात. वरची सी रेघ उमटली नाही तर ती पट्टी बाद. खालची टी रेघ सी रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह.

घोळ इथेच होतो. गरोदरपणाच्या चाचणीत फिकट रेघही पॉझिटिव्ह धरतात, इथे नाही. एलएच शरीरात रोजच थोडं असतं, त्यामुळे फिकट टी रेघ आठवडेच्या आठवडे दिसत राहते. बहुतेक पट्ट्या लघवीत दर मिलिलिटरला २५ मिलियुनिट एलएच असलं की गडद होतात. त्याखालचं सगळं फिकट. पाकिटावर सांगितलेल्या मिनिटालाच वाचा, बहुधा पाचव्या. अर्ध्या तासाने सुकलेल्या पट्टीवर रेघ जास्त ठळक दिसते, तिला अर्थ नाही. रोज त्याच मिनिटाला, त्याच दिव्याखाली फोटो काढा आणि पट्ट्या एका कागदावर तारखेसह एकाखाली एक चिकटवा. एकटी पट्टी फारसं सांगत नाही. दहा पट्ट्यांच्या ओळीत टी रेघ कशी चढत गेली, हे मात्र स्पष्ट दिसतं.

वेळ कोणती? पहाटेची पहिली लघवी नको. उसळी बहुधा पहाटे रक्तात सुरू होते आणि लघवीत यायला काही तास लागतात. सकाळी दहा ते रात्री आठच्या दरम्यान, रोज साधारण एकाच वेळी करा. आधी दोन तास फार पाणी पिऊ नका, नाहीतर पातळ लघवीत रेघ उगाच फिकट पडते. रेघ चढायला लागली की दिवसातून दोनदा करा, सकाळी उशिरा आणि संध्याकाळी. काहींची उसळी दहा-बारा तासांत ओसरते, आणि दिवसाला एकच पट्टी करणारीला ती सापडतच नाही.

सुरू कधी करायचं? डब्यावरचा तक्ता, चक्र २८ दिवसांचं असेल तर अकराव्या दिवसापासून वगैरे, बाजूला ठेवा. इंजेक्शननंतर तो लागूच होत नाही. दोन खुणा धरा: तार धरणारा किंवा स्पष्ट ओलसर स्राव दिसू लागला, किंवा खरी पाळी म्हणावी असा रक्तस्राव होऊन आठ-दहा दिवस झाले. यातलं काही नसताना पट्ट्या जाळू नका. आणि डाग पडणं म्हणजे पाळी नव्हे. गर्भाशयाचं अस्तर पातळ झालेलं असल्याने सुरुवातीचे महिने अधूनमधून तपकिरी डाग, दोन दिवसांचं थेंब थेंब रक्त असं चालतं. पॅड भिजवणारा पहिला दिवस तो पहिला दिवस. पण पहिली पाळी येईपर्यंत थांबायचीही गरज नाही, कारण बीज पाळीच्या आधी सुटतं. पाळी न येता दिवस राहिल्याची उदाहरणं यामुळेच होतात.

पट्टीची खरी मर्यादा ही की ती उसळी पकडते, बीज सुटल्याचा पुरावा देत नाही. डीएमपीए उतरत असताना शरीर दोन-तीनदा प्रयत्न करतं: एलएच चढतं, पट्टी गडद होते, पण फॉलिकल (बीज ज्यात वाढतं ती अंडाशयातली पिशवी) फुटत नाही आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. महिन्यात दोनदा पॉझिटिव्ह आलं तर किट बिघडलं असं धरू नका, शरीर अडखळत सुरू होतंय. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार) असेल तर एलएच बऱ्याचदा मुळातच चढं असतं आणि पट्ट्या रोजच पॉझिटिव्हच्या उंबरठ्यावर दिसतात. अशा बाईने यावर विसंबू नये. नियमित झालेल्या चक्रात मात्र उसळी सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. म्हणून पहिली गडद रेघ दिसली ती रात्र आणि पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. पाचपैकी चार.

डिजिटल काड्या

फक्त एलएच मोजून चेहरा दाखवणारी काडी आणि इस्ट्रोजेन व एलएच दोन्ही मोजणारी काडी, असे दोन प्रकार आहेत. पहिली म्हणजे तीच पट्टी, वर एक वाचणारं यंत्र. रेघ गडद की फिकट, असा वाद घरात होत असेल तर तिचा उपयोग आहे. दुसरी चांगली आहे, पण नंतर. ती त्याच चक्रातल्या पहिल्या काही दिवसांची पातळी मनात धरून पुढची वाढ ओळखते, म्हणजे तिला चक्राची सुरुवात माहीत हवी. अशा किटच्या पत्रकातच लिहिलेलं असतं की हार्मोनल गर्भनिरोधक नुकतंच बंद केलं असेल तर लागोपाठ दोन नैसर्गिक पाळ्या येऊ द्या. ते वाक्य बारीक अक्षरात असतं आणि डबा फोडल्यावर वाचलं जातं. इंजेक्शननंतर लगेच घेतली तर इस्ट्रोजेन वाढलं की दिसणारा लुकलुकणारा चेहरा दिवसच्या दिवस लुकलुकत राहतो: इस्ट्रोजेन वरखाली होतंय, उसळी नाही. बघणारीला वाटतं की रोजच सुपीक दिवस. आज पाचपैकी दीड गुण, दोन पाळ्या २१ ते ४२ दिवसांच्या अंतराने आल्या की चार.

थर्मामीटर

बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे शरीराचं विश्रांतीचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढतं आणि पाळीपर्यंत चढंच राहतं. हा बदल टिपायला तापाचा नेहमीचा थर्मामीटर चालत नाही, दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा लागतो, जसं ३६.४२. सकाळी जाग आल्यावर, उठून बसण्याआधी, पाणी पिण्याआधी, जिभेखाली मोजायचं. किमान तीन तास सलग झोप झालेली हवी. आधीच्या सहा दिवसांपेक्षा वरचे सलग तीन आकडे आले तर बीज सुटलं असं धरता येतं. रात्रपाळी, ताप, मध्येच उठून बाळाला घेणं, मद्य, यांनी आकडा हलतो. त्या दिवशी शेजारी खूण करा आणि तो आकडा हिशेबात धरू नका.

इंजेक्शनच्या बाबतीत एक खास अडचण आहे आणि ती थर्मामीटरच्या डब्यावर कुठेच लिहिलेली नसते. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन स्वतःच प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध आहे, आणि त्यानेही तापमान थोडं चढं राहू शकतं. पहिल्या महिन्यांत आलेख सपाट आणि वरच्या पट्टीत दिसला तर घाबरायचं कारण नाही. तो हळूहळू खाली येतो, आणि मग त्यात पायऱ्या दिसू लागतात. तापमान नेहमी मागाहून सांगतं. चढलं तेव्हा संधी गेलेली असते. म्हणून संबंधांचे दिवस ठरवायला ते निकामी, पण पट्टीच्या गडद रेघेनंतर खरंच बीज सुटलं का हे तपासायला उत्तम. पट्टी आणि थर्मामीटर ही जोडी म्हणूनच घ्या. एकट्या थर्मामीटरला पाचपैकी तीन, जोडीला साडेचार.

बीज सुटल्याची खात्री करणाऱ्या पीडीजीच्या (प्रोजेस्टेरॉनपासून बनून लघवीत उतरणाऱ्या पदार्थाच्या) पट्ट्याही मिळतात. उसळीनंतर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पहाटेच्या पहिल्या लघवीवर करायच्या. त्यांची रेघ वाचण्याची रीत उलटी असते: रेघ गेली तर पॉझिटिव्ह. एलएचच्या सवयीने वाचणारी हमखास चुकते. थर्मामीटर जमत नसेल तर ठीक. पण याच प्रश्नाचं पक्कं उत्तर रक्ताच्या एका तपासणीत मिळतं: अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी प्रोजेस्टेरॉन. ते दर मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज सुटलेलं आहे. चक्र लांब असेल तर 'एकविसाव्या दिवशी' ही तपासणी करण्यात अर्थ नसतो. पंचेचाळीस दिवसांच्या चक्रात एकविसावा दिवस बीज सुटण्याच्या बराच आधीचा, आणि त्या दिवशीचा कमी आकडा बघून उगाच औषधं सुरू होतात.

ॲप

पाळीची तारीख टाकली की ॲप पुढच्या महिन्यातले सुपीक दिवस हिरवे करून दाखवतं. हा सगळा अंदाज मागच्या पाळ्यांच्या सरासरीवरचा. इंजेक्शननंतर मागच्या पाळ्याच नाहीत, तर सरासरी कशाची? ॲप मग गुपचूप २८ दिवस धरतं आणि हिरवे दिवस रंगवतं. त्या दिवसांपुरतेच संबंध ठेवणारी जोडपी खरी संधी घालवतात, म्हणून याला आम्ही नुकसान करणारं साधन मानतो. वही म्हणून वापरा, भविष्य म्हणून नाही. अंदाज दाखवणं बंद करायची सोय असेल तर बंद करा. पाचपैकी एक.

मग दिवस ठरवायचे कसे? पाळी जाग्यावर येईपर्यंत ठरवूच नका. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगतात, बीज फार तर २४ तास. म्हणजे बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा. दर दोन-तीन दिवसांनी संबंध असतील तर बीज कुठल्याही दिवशी सुटलं तरी शुक्राणू आत हजर असतात. हे इतकं साधं आहे की त्यावर विश्वास बसत नाही, पण या काळात कुठल्याही किटपेक्षा हेच जास्त काम करतं.

गरोदरपणाची चाचणी

पाचपैकी पाच, आणि हीच खरेदी सहसा राहून जाते. पाळी येतच नसेल तर पाळी चुकली हे कळणार कसं? म्हणून एचसीजी (गरोदरपणात बनणारं हार्मोन) ओळखणाऱ्या साध्या पट्ट्यांचा एक गठ्ठा घरात ठेवा, आणि पाळी येत नाही तोवर दर चार आठवड्यांनी एक करा. एका विशिष्ट दिवशीच्या संबंधांबद्दल शंका असेल तर त्यानंतर २१ दिवसांनी. ही मात्र पहाटेच्या पहिल्या लघवीवर. फिकट रेघ आली तरी दोन दिवसांनी पुन्हा करा आणि डॉक्टरकडे जा. एलएचच्या पट्ट्या रोजच गडद येऊ लागल्या तर आधी ही चाचणी करा, कारण काही एलएच पट्ट्या एचसीजीलाही प्रतिसाद देतात. एका बाजूला दुखणं, चक्कर, खांदा दुखणं आणि त्याच वेळी चाचणी पॉझिटिव्ह असेल तर घरी थांबायचं नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असण्याची शक्यता असते.

इंजेक्शन धुऊन काढणारी चूर्णं आणि गोळ्या

शून्य. स्नायूतले स्फटिक विरघळण्याचा वेग कुठलंही चूर्ण, काढा, मालिश किंवा शुद्धीकरण वाढवू शकत नाही. 'हार्मोन संतुलन' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत कोणता घटक किती आहे हे पुष्कळदा सांगितलेलं नसतं, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू केल्या तर पाळी मुळात येणारच असलेल्या महिन्यात येते आणि श्रेय गोळीला जातं. पाळी आणण्यासाठी कुणाच्या सांगण्यावरून स्वतःहून हार्मोनच्या गोळ्या घेऊ नका. त्यात प्रोजेस्टेरॉनच्याच जातीचं औषध असतं. त्याने रक्तस्राव होतो, बीज सुटत नाही.

पैसे खर्चायचेच तर फॉलिक ॲसिडवर: रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. बीज कधी सुटेल याचा नेम नाही, म्हणून शेवटच्या इंजेक्शनचे तेरा आठवडे भरायच्या आधीच सुरू करा. आधीच्या बाळाला मणक्याचा किंवा मेंदूचा जन्मदोष असेल, मधुमेह असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर डोस डॉक्टर ठरवतात, बराच मोठा असतो. डीएमपीएच्या काळात हाडांची घनता थोडी कमी होते आणि बंद केल्यावर भरून येऊ लागते. आहारात पुरेसं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवं.

वाट बघण्याचा हा काळ एका कामासाठी मोलाचा आहे. रुबेला आणि कांजिण्यांची लस घेतलेली नसेल तर ती आत्ता घ्या, आणि नंतर महिनाभर निरोध वापरा. थायरॉइडची टीएसएच तपासणी करा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, फिट्ससाठी व्हॅलप्रोएट अशी औषधं चालू असतील तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्या.

लुब्रिकंट आणि घरगुती वीर्य चाचणी

डीएमपीएच्या असरात इस्ट्रोजेन कमी असल्याने योनी कोरडी राहते, म्हणून लुब्रिकंटची गरज याच काळात जास्त लागते. बहुतेक साधी पाण्याची लुब्रिकंट शुक्राणूंची हालचाल मंदावतात. थुंकीनेही तेच होतं. गर्भधारणेच्या प्रयत्नांसाठी सुरक्षित, शुक्राणूंना मानवणारं असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. नुसतं 'नैसर्गिक' लिहिलेलं पुरत नाही.

पुरुषांसाठीच्या घरगुती चाचण्या बहुधा फक्त संख्या सांगतात. हालचाल आणि आकार सांगत नाहीत, म्हणून 'ठीक' असा निकाल अर्धवट असतो. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता प्रयोगशाळेत केलेली वीर्य तपासणी घ्या. त्यात दर मिलिलिटरला किमान १.६ कोटी शुक्राणू आणि ४२ टक्के हलणारे, ही खालची मर्यादा धरतात. आणि ही तपासणी इंजेक्शन उतरायची वाट बघत असतानाच करा. बाईच्या इंजेक्शनला दोष देत वर्ष जातं आणि अडचण भलतीकडेच निघते, हे फार वेळा होतं. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तंबाखू आज सोडली तर फरक त्यानंतर दिसतो.

घरबसल्या एएमएच या हार्मोनची चाचणी मात्र आत्ता नको. हार्मोनच्या असरात आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो. शिवाय तो बीजांचा साठा सुचवतो, आपोआप दिवस राहतील की नाही हे नाही.

किट ठेवून डॉक्टरकडे कधी जायचं

शेवटच्या इंजेक्शनपासून बारा महिने झाले आणि एकदाही पाळी आली नाही, तर गरोदरपणाची चाचणी, टीएसएच, प्रोलॅक्टिन व एफएसएच या हार्मोनची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी व्हायला हवी. सगळ्याचं खापर इंजेक्शनवर फोडताना प्रोलॅक्टिन वाढलेलं किंवा पीसीओएस दडलेलं राहून जातं. इंजेक्शनच्या आधीही पाळी अनियमित होती का, हे आवर्जून सांगा. पाळ्या नियमित झाल्यावर वयाच्या पस्तिशीच्या आत वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर थांबू नका. चाळिशी ओलांडली असेल तर वाट न बघता पहिल्या भेटीतच तपासण्या करून घ्या. जाताना शेवटच्या इंजेक्शनचं नाव आणि तारीख, रक्तस्रावाच्या तारखा, तापमानाची वही, पट्ट्या चिकटवलेला तो कागद आणि नवऱ्याचा वीर्य तपासणीचा अहवाल बरोबर न्या.